फ्लाय फिशिंगचा सुरुवातीचा संच : तापी-गिरणेच्या काठावरून

फ्लाय फिशिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी ऑनलाइन जो सुरुवातीचा संच मिळतो, म्हणजे चार तुकड्यांचा नऊ फुटी रॉड, रीळ, त्यावर आधीच भरलेली लाइन, एक लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक दोरा) आणि डबीभर फ्लाय (नकली कीटक), तो आम्ही माझ्या भाचीसाठी गेल्या दिवाळीत मागवला आणि थंडी, कडक उन्हाळा व पावसाची पहिली सर अशा सगळ्या हवेत वापरून पाहिला. भाची अमळनेरला अकरावीत शिकते. या संचाची किंमत सात हजारांच्या आसपास पडते. दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी असे संच विकले जात असले तरी पेटी उघडल्यावर आतला माल जवळपास एकाच साच्यातला निघतो, त्यामुळे एखाद्या कंपनीचे नाव घेण्याऐवजी या प्रकारच्या संचाविषयीच लिहिणे मला रास्त वाटते. निकाल आधीच सांगून टाकतो : रॉड पैसे वसूल करून देतो, रीळ चालून जाते, लाइन आपल्या उन्हाळ्यासाठी बनलेलीच नाही, आणि डबीतल्या फ्लाय आपल्याकडच्या माशांना बहुतेक कामाच्या नाहीत. तरीही शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी हा खर्च करावा असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

ज्यांनी आजवर नदीवर फक्त गळ टाकला आहे त्यांना हे सामान पाहून पहिला प्रश्न पडतो तो वजनाचा. नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते आणि ते पुढे जाताना आपल्यामागे दोरा ओढून नेते. फ्लाय म्हणजे पिसे, दोरा आणि लोकर गळावर बांधून केलेला नकली कीटक. त्याला वजन असे नसतेच आणि तो हाताने भिरकावला तर पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन लाइनला दिलेले असते. रॉडच्या मुठीवर लिहिलेला ५ हा आकडा त्या वजनाचा वर्ग सांगतो : पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असते. एवढे वजन मागे हवेत सरळ पसरले की रॉड वाकतो, आणि तो वाक सुटताना लाइन पुढे उलगडत जाते. खरे कसब मागच्या फेकीनंतर थांबण्यात आहे. तो थांबा पुरेसा मिळाला नाही तर हवेत फटकारा ऐकू येतो आणि टोकाची फ्लाय तुटून गेलेली असते. थांबा जास्त झाला तर लाइन मागच्या गवतात जाऊन बसते.

ही पद्धत काही आजची नव्हे. रोमन लेखक एलियन याने इ. स. २००च्या सुमारास मॅसिडोनियातील लोक गळाला लाल लोकर गुंडाळून, त्यावर कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात असे लिहून ठेवले आहे. पुढे ती वाढली मात्र युरोप-अमेरिकेच्या थंड नद्यांवर आणि मुख्यतः ट्राउट या माशासाठी. आपल्या देशात ट्राउट इंग्रजांनी आणून सोडला आणि तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा थंड पाण्यातच टिकला. खान्देशात तो नाही आणि असणे शक्यही नाही. संच बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र तोच मासा असतो, आणि या परीक्षणातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

आता रॉडविषयी. तो कार्बनच्या तंतूंचा आहे, हातात घेतल्यावर वजन जाणवत नाही आणि नऊ फूट लांबी असूनही चार तुकडे सुटे करून कापडी पिशवीत घातला की बसच्या फळीवर सहज मावतो. मूठ बुचाच्या लाकडाची आहे. तिच्यात काही ठिकाणी भुसा भरून बुजवलेली भोके दिसतात, पण घामेजल्या हातातही ती निसटत नाही. वाकण्याच्या बाबतीत हा रॉड मध्यम आहे, म्हणजे फार ताठ नाही. महागड्या ताठ रॉडपेक्षा नवशिक्याला असाच रॉड बरा, कारण लाइनचे वजन केव्हा भरले आणि केव्हा सुटले हे मुठीत स्पष्ट कळते. चारही तुकड्यांच्या जोडांवर खुणेचे ठिपके दिलेले आहेत, त्यामुळे कड्या एका रेषेत लावणे सोपे जाते. एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत ती अशी की फेकाफेकी करताना हे जोड हळूहळू सैल होतात; मधूनमधून ते दाबून पाहायचे असतात, नाहीतर टोकाचा तुकडा लाइनबरोबर पाण्यात जातो.

तक्रार आहे ती कड्यांच्या बांधणीची. टोकाकडून दुसरी कडी दोन महिन्यांतच हलू लागली, तिच्यावरचे लाखेसारखे लेपन तडकले आणि दोरा सुटला. विक्रेत्याला फोटोसह लिहिले, तेव्हा उत्तरादाखल नव्या संचावर सवलतीचे कूपन आले. हमीचा कागद पेटीत होता, पण त्यातल्या अटी वाचल्यावर हमी नेमकी कशाची दिली आहे हेच समजेना. शेवटी भाचीनेच बारीक नायलॉनच्या दोऱ्याने कडी पुन्हा बांधली आणि वरून अॅराल्डाइटचा पातळ हात दिला. फ्लाय बांधताना जी गुंडाळी करावी लागते तीच इथे लागते, फक्त जरा लांब. ती कडी अजून जागची हललेली नाही. विक्रीनंतरच्या सेवेला मी शून्य गुण देतो.

रीळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आपल्याकडे या रॉडवर जे मासे लागतात ते एखाद्या किलोच्या आतले असतात आणि त्यांना रीळाने नव्हे, हाताने लाइन ओढूनच आणावे लागते. रीळ म्हणजे लाइन गुंडाळून ठेवायची जागा, एवढेच समजावे. एका स्क्रूला गंज आला आहे. दर वेळी पुसून तेलाचा थेंब दिला तर तो पुढे पसरत नाही.

लाइनचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण खान्देशात हा संच घेणाऱ्याला खरा त्रास तिथेच होणार आहे. तरंगणाऱ्या फ्लाय लाइनला आत गाभा आणि बाहेर प्लॅस्टिकचे आवरण असते, आणि त्या आवरणाचा मऊपणा कोणत्या हवेत ती वापरायची हे धरून ठरवलेला असतो. थंड प्रदेशासाठी बनवलेली लाइन गारठ्यातही लवचीक राहावी म्हणून मुद्दाम मऊ ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत, धुळे-अमळनेरची पहाट चांगलीच बोचरी असते तेव्हा, ही लाइन फार सुरेख चालली. भाचीची फेक चाळीस फुटांपर्यंत विनासायास जाऊ लागली आणि आम्हाला वाटले की संच उत्तम मिळाला. मार्च संपता संपता तिचे रूप पालटले. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या हवेत सकाळी नऊनंतरच ही लाइन उन्हात ठेवलेल्या गुळासारखी ढिली आणि चिकट होते, कड्यांमधून सुटत नाही, ओल्या हातालाही लागून राहते आणि मागे फेकली की मधेच झोल पडतो. शिकणाऱ्या मुलाला वाटते की आपलाच हात बिघडला. हात ठीक असतो. उष्ण हवेसाठी ताठ गाभ्याच्या आणि कडक आवरणाच्या वेगळ्या लाइन मिळतात. त्यांची किंमत या संचाच्या निम्म्याच्या घरात जाते. विक्रेत्याने भारतात माल विकताना निदान तेवढा पर्याय द्यायला हवा होता. तोवर उपाय म्हणजे उन्हाळ्यात फेकीचा सराव सूर्य वर येण्याआधी आटोपणे, लाइन गाडीच्या काचेमागे कधीही न ठेवणे, आणि घरी आल्यावर ती साध्या साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत सैल वेटोळे करून टांगणे.

संचातला लीडर नऊ फुटी, निमुळता आणि टोकाशी ४एक्स जाडीचा आहे. ही एक्सची मोजणी उलटी चालते : अकरातून एक्सचा आकडा वजा केला की उरतात ते इंचाचे हजारावे भाग, म्हणजे ४एक्स म्हणजे ०.००७ इंच, साधारण ०.१८ मिलिमीटर. छोट्या चिलापीला तो पुरतो. मरळीला मुळीच पुरत नाही. तिचे दात आणि पाणवनस्पतींत घुसायची खोड लक्षात घेता ०एक्स, म्हणजे ०.२८ मिलिमीटरचे टिपेट (लीडरच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा) तरी हवे. ते संचात नाही, वेगळे घ्यावे लागते.

फ्लायची डबी उघडली की मुले हरखून जातात, कारण ती दिसायला फार देखणी असते. आतल्या बहुतेक फ्लाय १४ आणि १६ क्रमांकाच्या गळांवर बांधलेल्या आहेत. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे येथे सांगितले पाहिजे. १६ क्रमांकाचा गळ करंगळीच्या नखावर मावतो. ट्राउट पृष्ठभागावरचे बारीक कीटक टिपतो म्हणून त्याच्यासाठी त्या ठीक आहेत. आपल्या पाण्यात त्यांवर बोटाएवढे चंदेरी मासे तेवढे झडप घालतात. शिवाय दोन-तीन फ्लाय पहिल्यांदाच ओल्या झाल्यावर उसवल्या, आणि गळांची टोके बोथट होती. डबीला दहापैकी तीन गुण, तेही डबी स्वतः घट्ट बंद होते आणि पाण्यावर तरंगते म्हणून.

तरीही याच उसवलेल्या फ्लायमधून भाचीचा पुढचा सगळा छंद उभा राहिला, हे नोंदवावेच लागेल. तिने एक फ्लाय ब्लेडने उलगडून ती कशी बांधली आहे ते उलट्या क्रमाने पाहिले आणि मग स्वतः बांधायला घेतली. गळ धरून ठेवायचा छोटा शिकंजा वेगळा विकत घ्यावा लागला; बाकी माल घरचाच. तिची सगळ्यात जास्त चालणारी फ्लाय आठ क्रमांकाच्या गळावरची आहे. आधी गळाच्या मानेपासून वाकेपर्यंत दोऱ्याचा थर, मग शेपटीला कोंबडीच्या पोटाखालचे मऊ पीस, त्यावर काळ्या लोकरीचे अंग, आणि शेवटी कोंबड्याच्या मानेचे लांब पीस त्या अंगाभोवती मोकळ्या वेढ्यांनी गुंडाळून तोंडाशी गाठ. जगभरचे लोक या घडणीला वुली बगर म्हणतात. पाण्यात ओढली की मागचे पीस मिटते आणि थांबली की फुलते, त्यामुळे ती जळू, अळी, छोटा मासा यांपैकी काहीही वाटू शकते. सुरुवातीला तिने घरातले सुती दोरे वापरले, खान्देशात कापसाला काय तोटा. पण सूत पाणी पिते आणि तरंगायला हवी ती फ्लाय चार फेकींत बुडते, म्हणून तरंगणाऱ्या घडणीसाठी तिने नायलॉनचा दोरा आणि फोमची जुनी चप्पल कामी आणली. चपलेच्या पट्ट्यापासून केलेला बेडूक मरळीसाठी डबीतल्या कोणत्याही विकतच्या फ्लायपेक्षा सरस ठरला. कोंबड्याची पिसे तिला शेजारच्या आजींकडून फुकट मिळतात आणि पिसांच्या बदल्यात आजी गणिताचे हिशेब करून घेतात.

आता पाणी आणि मासे यांविषयी, कारण संच कितीही चांगला असला तरी तो कुठे वापरायचा हे पुस्तिकेत लिहिलेले नसते. पुस्तिका तर खळाळत्या थंड ओढ्यांत कमरेपर्यंत उभे राहण्याच्या चित्रांनी भरलेली आहे. आपल्याकडे फेक शिकण्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे पीक निघालेले मोकळे रान. फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधावा, जमिनीवर एक घमेले ठेवावे आणि त्यात तुकडा पडेपर्यंत फेकावे. भाची बरेच दिवस पाण्याजवळ गेलीही नाही आणि ते फार बरे झाले. काठावर गेल्यावर मागे बाभळी असतात. मागची फेक सरळ काट्यांत जाते. अशा ठिकाणी लाइन मागे न नेता पाण्यावरूनच वळवून पुढे उलटवायची जी फेक आहे, रोल कास्ट, ती आधी शिकून घ्यावी. खान्देशच्या नाल्यांवर आणि पाझर तलावांवर तिच्याशिवाय चालणार नाही.

सर्वांत हमखास मासा म्हणजे चिलापी. हा आफ्रिकेचा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज तलाव, धरण, नदी कुठेही सापडतो. नर उथळ पाण्यात तळाशी खळगा करून त्याची राखण करतो आणि खळग्यावरून काही सरकले की त्याला हुसकावायला तोंड घालतो. काळी बगर तिथून सावकाश ओढली तर त्याला राहवत नाही. तो बाहेरून आलेला आणि इथल्या माशांना त्रास देणारा मासा असल्यामुळे खायला घरी आणताना मनाला रुखरुख लागत नाही. रोहू, कटला, मृगळ यांच्या मागे या सामानाने लागू नये. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. त्यांना कणकेची गोळीच बरी.

मरळ हा खरा खेळ आहे. ती हवा घ्यायला वर येते, त्या वेळी पाण्यावर जो बुडबुडा फुटतो तो ओळखता आला की तिच्या पुढे हातभर अंतरावर बेडूक टाकायचा आणि थांबायचे. भाचीने यात एक नियम स्वतःहून घालून घेतला आहे : लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर फिरताना दिसला, की तिथे फेकायचे नाही. मरळ आई-बाप पिल्लांची राखण करतात आणि अशा वेळी ते कशावरही तुटून पडतात, म्हणून त्यांना धरणे फार सोपे असते. मात्र ते गेले की तो सगळा घोळका इतर मासे काही वेळात संपवतात. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

इतके सांगूनही एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. जेवणापुरते मासे हवे असतील तर हा संच घेऊ नये. गिरणेच्या काठी बांबूची काठी आणि गांडुळे घेऊन बसलेल्या एका वृद्ध भोईबाबांनी आमची ही लांब, पिवळी लाइन हवेत जाताना बराच वेळ पाहिली आणि भाचीला विचारले, "ह्या दोरले मासा लागस का बेटा?" ती म्हणाली, "लागस ना बाबा, पन तुमना इतला नई." त्यांच्या टोपलीत तेव्हा चांगलाच माल होता आणि आमच्याकडे काहीच नव्हते.

मग एवढा खटाटोप कशासाठी, हा माझ्या बहिणीचाही प्रश्न होता. "भाऊ, हिचे क्लास बुडतील आणि नदीकाठी ऊन खाऊन येईल, दुसरे काय," असे ती म्हणाली होती. गुणपत्रिकेत फरक पडला असे मी सांगणार नाही, कारण तो पडलेला नाही. फरक दिसतो तो दुसरीकडे. गिरणेच्या पात्रातले दगड उलटून खाली कोणते कीटक चिकटले आहेत ते पाहायची तिला सवय लागली, कारण त्याशिवाय कोणती फ्लाय बांधायची ते ठरत नाही. स्वच्छ वाहत्या पाण्यात दगडाखाली मेफ्लाय या कीटकाची चपटी पिल्ले सापडतात. गावाचे सांडपाणी मिळते त्याच्या खालच्या अंगाला ती दिसेनाशी होतात आणि गाळात लाल अळ्या वळवळतात. त्या लाल का, याचे उत्तर तिने जीवशास्त्राच्या पुस्तकातच शोधले : त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. कोणत्या पुलाखाली नदी कुठवर जिवंत आहे हे आता ती दगड उलटून सांगते. शिकवणीच्या कोणत्याही ॲपमध्ये हे मिळत नाही, आणि माझ्या मते सात हजारांतले चार हजार इथेच वसूल झाले.

शरीराला होणारे फायदे लोक जरा फुगवून सांगतात. मी बेताने सांगतो. फेकीत खांदा, कोपर आणि मनगट यांची सौम्य, तालबद्ध हालचाल होते. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या होत असलेल्या स्त्रियांसाठी १९९६ पासून कास्टिंग फॉर रिकव्हरी ही संस्था फ्लाय फिशिंगची शिबिरे घेते, त्यामागे हेच कारण आहे : शस्त्रक्रियेनंतर सांगितल्या जाणाऱ्या व्यायामाशी ही हालचाल मिळतीजुळती आहे. मुलांच्या बाबतीत डोळ्यांचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उघड्यावर अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचे अंधुक दिसण्याचा त्रास कमी प्रमाणात सुरू होतो, हे आता नेत्रतज्ज्ञ सर्रास सांगतात. फोनचे म्हणाल तर दोन्ही हात लाइनमध्ये गुंतलेले असतात, त्यामुळे तो खिशातच राहतो. घरी आल्यावर तो पुन्हा बाहेर निघतो, ती गोष्ट वेगळी.

आई-वडिलांनी संच घेण्याआधी सुरक्षेचा विचार करावा, कारण पेटीत त्याबद्दल एक चिठ्ठीसुद्धा नसते. शेततळे हे दिसायला सर्वांत सोयीचे ठिकाण आहे, मागे झाड नसते आणि पाणी शांत असते. पण त्याचे प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले की पट्टीचा पोहणारासुद्धा त्यावरून वर चढू शकत नाही. काठाला बांधलेला दोर पाण्यात सोडलेला नसेल तर तिथे मुलाला जाऊ देऊ नये, आणि लाइफ जॅकेट अंगात हवेच. गिरणेच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचे पाऊल एकदम डोक्याएवढ्या पाण्यात पडू शकते. म्हणून काठावरूनच फेकावे. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी ही शोभेसाठी नाही, मागून येणारा गळ डोळ्यात जाऊ नये म्हणून आहे. पोलराइज्ड चष्मा घेतला तर पाण्यावरची चमक जाऊन मासेही दिसतात. गळाच्या टोकामागचा काटा पकडीने दाबून सपाट करावा. त्यामुळे मासा सोडणे सोपे जाते आणि गळ आपल्या बोटात शिरला तर दवाखाना गाठायची वेळ येत नाही.

परवानगीचेही पाहावे लागते. धरणांमधील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांना विचारून, हवे असल्यास शुल्क भरून गेल्यास कोणी अडवत नाही, उलट पाण्याची माहिती मिळते. शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्यात येते, तिथे रॉड घेऊन जाऊच नये. पावसाळ्यात, मासे नव्या पाण्यात अंडी घालायला चढतात तेव्हा, आम्ही रॉड पिशवीत ठेवतो. उन्हाळ्याच्या दुपारीही फेकत नाही, कारण तापलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो आणि अशा वेळी धरून सोडलेला मासा पोहत गेला असे वाटले तरी बऱ्याचदा पुढे मरतो.

घ्यायचाच असेल तर माझा सल्ला असा की संच नोव्हेंबरात घ्यावा, म्हणजे शिकण्याचे पहिले तीन-चार महिने लाइन साथ देते आणि मुलाचा हात बसतो. जवळ थोडे जास्त पैसे असतील तर पाचऐवजी सहा नंबरचा रॉड पाहावा. तापीच्या मोकळ्या पात्रात दुपारनंतर जो पश्चिमेचा वारा सुटतो त्यात तो जास्त उपयोगी पडतो आणि फोमचा जड बेडूकही नीट नेतो. वेगळा खर्च धरताना उष्ण हवेची लाइन, ०एक्स टिपेटचे एक रीळ, शिकंजा आणि आठ क्रमांकाच्या गळांचे पाकीट एवढे धरावे. फ्लायच्या तयार डब्यांवर पुन्हा पैसे घालू नयेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला नऊ फुटी रॉड लांब पडतो, त्याला एखाद-दोन वर्षे थांबू द्यावे किंवा तोवर शिकंज्यावर बसवावे. भाचीने उष्ण हवेची लाइन आता स्वतःच्या पैशांनी मागवली आहे. ते पैसे तिने राखीला मिळालेल्या ओवाळणीतून आणि बारावीच्या दोन मुलांना फ्लाय बांधून विकून जमवले, आणि संचाबरोबर आलेली जुनी लाइन थंडीसाठी गुंडाळून ठेवली आहे.